ई-कॅडहेरिन निगेटिव्ह: मूत्राशयाच्या कर्करोगात या ओळीचा अर्थ उपप्रकार ठरवतो

मूत्राशयाच्या कर्करोगाच्या बायोप्सी अहवालात ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ (पेशींना जोडणारे हे प्रथिन तपासणीत दिसले नाही) अशी ओळ आली की बहुतेक वाचक, आणि त्यांत डॉक्टरही आले, तिचा एकच अर्थ घेतात: पेशींची एकमेकींवरची पकड सुटली आहे, तेव्हा रोग आक्रमक आहे. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. मी हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान, करते आणि युरॉलॉजिस्टनी दुर्बिणीतून खरवडून काढलेले मूत्राशयाचे तुकडे माझ्या टेबलावर नेहमी येतात. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांचे, म्हणजे आसंजन प्रथिनांचे, मोजमाप गाठीच्या उपप्रकारापासून तोडून वाचू नये. कोणते प्रथिन गेले, ते कशामुळे गेले आणि त्याच्या जागी दुसरे कोणते आले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उपप्रकारागणिक बदलतात. त्यानुसार रोगाची चाल बदलते आणि अलीकडच्या काळात औषधाचा उपयोग होण्याची शक्यताही बदलते.

आधी निरोगी अस्तराकडे पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरून उलगडते. मूत्राशयाचे अस्तर, म्हणजे युरोथेलियम, मूत्राशय रिकामे असताना पाच ते सात पेशींच्या थरांचे दिसते, मूत्राशय भरले की ताणून पातळ होते, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा घडूनही त्यातून लघवी आत झिरपत नाही. हे साधण्यासाठी अस्तराच्या प्रत्येक थराने आपापली जोडणी वेगळी ठेवलेली असते. सर्वांत वरच्या मोठ्या अम्ब्रेला पेशी शेजारणींशी टाइट जंक्शनने जोडलेल्या असतात आणि त्या जोडात क्लॉडिन कुळातली प्रथिने असतात. ई-कॅडहेरिन जवळजवळ सर्व थरांत पेशींच्या कडेने दिसते. पी-कॅडहेरिन आणि सीडी४४ ही दोन मात्र मुख्यतः तळाच्या थरात आढळतात. तळाच्या पेशी खालच्या बेसमेंट मेम्ब्रेनला (अस्तराखालच्या पातळ पापुद्र्याला) अल्फा-६ बीटा-४ या इंटिग्रिनने धरून असतात. याशिवाय पेशीपेशींमध्ये डेस्मोसोम असतात, जे दोन पेशींची पटले शर्टाच्या टिचबटणांसारखी ठिकठिकाणी एकमेकींत अडकवून ठेवतात आणि आतल्या केराटिनच्या तंतूंना बांधलेले असतात. म्हणजे एकाच अस्तरात वरपासून तळापर्यंत जोडणीची सामग्री बदलत जाते, आणि गाठ ज्या थराच्या स्वभावाकडे झुकते त्या थराची सामग्री ती बहुधा आपल्याबरोबर घेऊन येते. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची अर्धी गुंतागुंत आपोआप सुटते.

ई-कॅडहेरिनचा इतिहास जपानमध्ये सुरू होतो. क्योटो विद्यापीठात मासातोशी ताकेइची यांनी १९७७ साली दाखवून दिले की पेशींच्या चिकटण्यात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि त्यांतली एक कॅल्शियमवर अवलंबून आहे. पुढे त्या यंत्रणेतील प्रथिनांना कॅडहेरिन हे नाव मिळाले. ई-कॅडहेरिनचा रेणू पेशीपटलातून आरपार गेलेला असतो. बाहेरच्या बाजूला त्याचे पाच खंड असतात, त्या खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसते आणि त्यामुळेच तो ताठ राहून शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला पकडू शकतो. आतल्या शेपटीवर पटलाजवळ पी१२० कॅटेनिन आणि टोकाकडे बीटा-कॅटेनिन बसतात. बीटा-कॅटेनिन अल्फा-कॅटेनिनमार्फत हा सांधा ॲक्टिनच्या तंतूंशी जोडते. बाहेरची पकड आणि आतला सांगाडा यांचे असे थेट नाते असल्यामुळे ई-कॅडहेरिन नाहीसे झाले की पेशी शेजारणीपासून सुटते आणि त्याबरोबर तिचा आकारही बदलतो. पुढे प्लाझ्मासायटॉइड प्रकारात हे अगदी स्पष्ट दिसेल.

मूत्राशयाच्या गाठींमध्ये ई-कॅडहेरिन कमी होणे आणि रुग्णांचे आयुर्मान घटणे यांचा संबंध १९९३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडला. त्यानंतर या विषयावर निबंधांची रांगच लागली. बहुतेक अभ्यासांची रचना सारखी होती: गाठींचे ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) घ्यायचे, ई-कॅडहेरिनचा स्टेन (प्रतिपिंडाने ते प्रथिन तपकिरी रंगात दाखवणारी चाचणी) करायचा, ‘टिकलेले’ आणि ‘घटलेले’ असे दोन गट पाडायचे आणि कोणत्या गटातले रुग्ण किती जगले ते पाहायचे. निष्कर्षही बहुधा एकाच दिशेचे आले: गाठीचा दर्जा (पेशी किती बिघडल्या) आणि टप्पा (रोग किती पुढे गेला) जितका वरचा, तितके ई-कॅडहेरिन कमी. मात्र गाठीचा टप्पा, दर्जा आणि ई-कॅडहेरिन ही तिन्ही एकत्रच बदलत असल्यामुळे, टप्पा आणि दर्जा आधीच ठाऊक असताना या स्टेनने नवे काय सांगितले, हा प्रश्न बराचसा अनुत्तरितच राहिला. माझ्या मते त्याचे मुख्य कारण असे की ‘घटलेले’ या एका गटात तीन-चार अगदी वेगळे आजार एकत्र कोंबले गेले होते.

ते आजार वेगळे करण्याची साधने नंतर हाती आली. गाठींतील जनुकांच्या हालचालीवरून, म्हणजे आरएनएच्या मोजमापावरून, उपप्रकार पाडण्याचे काम २०१४ च्या सुमारास जोरात सुरू झाले. त्या वर्षी टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाने स्नायूत शिरलेल्या १३१ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०१७ मध्ये तो ४१२ गाठींपर्यंत वाढवला. प्रत्येक गटाची आपली वेगळी नावे आणि वेगळी संख्या होती, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडत असे. २०२० मध्ये १,७५० गाठींची माहिती एकत्र करून एक सर्वमान्य वर्गीकरण मांडले गेले. त्यात सहा वर्ग आहेत (ल्युमिनल म्हणजे अस्तराच्या वरच्या थरांच्या वळणाचे, बेसल म्हणजे तळाच्या थराच्या वळणाचे): ल्युमिनल पॅपिलरी २४ टक्के, ल्युमिनल नॉन-स्पेसिफाइड ८ टक्के, ल्युमिनल अनस्टेबल १५ टक्के, स्ट्रोमा-रिच १५ टक्के, बेसल/स्क्वेमस ३५ टक्के आणि न्यूरोएंडोक्राइन-लाइक ३ टक्के. याच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे उपप्रकार आहेतच: प्लाझ्मासायटॉइड, मायक्रोपॅपिलरी, सार्कोमॅटॉइड, नेस्टेड वगैरे. ही दोन वर्गीकरणे एकमेकांवर अंशतःच बसतात. रोजच्या कामात आरएनए मोजता येत नाही, परंतु गाटा३ (ल्युमिनल गाठींची खूण) आणि केराटिन ५/६ (बेसल गाठींची खूण) एवढ्या दोन स्टेनवर ल्युमिनल आणि बेसल हा मुख्य भेद बऱ्याच विश्वासाने करता येतो. आपल्याकडे प्रत्येक जादा स्टेनचा खर्च बहुतेक वेळा रुग्णाच्या खिशातून जातो, म्हणून मला ही बाब फार मोलाची वाटते.

ल्युमिनल पॅपिलरी गाठींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. या गाठी अस्तराच्या वरच्या थरांच्या स्वभावाच्या असतात, त्यांत एफजीएफआर३ जनुकातील बदल वारंवार सापडतात, आणि ई-कॅडहेरिन बहुधा पेशींच्या कडेने सलग व ठळक दिसते. मात्र एक इशारा इथेच द्यायला हवा. ई-कॅडहेरिन शाबूत असणे म्हणजे गाठ जागेवरून हलणार नाही, असे मुळीच नाही. नेस्टेड उपप्रकारात निरोगी दिसणाऱ्या पेशींची नीटस बेटे ई-कॅडहेरिन राखूनच स्नायूत खोलवर शिरतात. मायक्रोपॅपिलरी उपप्रकारात पेशींचे छोटे पुंजके रिकाम्या पोकळ्यांत बसलेले असतात. या पुंजक्यांतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, बिघडलेली असते ती त्यांची दिशा. एमयूसी१ हे प्रथिन, जे एरवी पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला असायला हवे, ते इथे पुंजक्याच्या बाहेरच्या कडेला, भोवतालच्या ऊतीकडे तोंड करून दिसते. पकड मजबूत असूनही हा उपप्रकार लसिकावाहिन्यांत लवकर शिरतो. या बाबतीत २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांतील नमुन्यांवर केलेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर पेशी आजूबाजूला अधिक शिरल्या, परंतु प्रवासात अधिक संख्येने मेल्या आणि दूरवर नव्या गाठी कमी तयार झाल्या. तो अवयव वेगळा आहे आणि निष्कर्ष जसाच्या तसा मूत्राशयाला लावता येणार नाही. तरीही ‘पकड गेली की पसरले’ हे सूत्र किती ढोबळ आहे, हे त्यातून कळते.

बेसल/स्क्वेमस वर्गात चित्र याहून रोचक आहे. हा वर्ग सर्वांत मोठा, आणि उपचाराशिवाय राहिला तर वाईट वळणाचा. साहजिकच इथे आसंजन प्रथिने कमी असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यांतली अनेक इथे वाढलेली असतात. तळाच्या थराची खूण असलेले सीडी४४ सर्वत्र पसरते. पी-कॅडहेरिन, ज्याचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर ई-कॅडहेरिनच्या जनुकाला अगदी लागून आहे, तळाच्या थरात न राहता गाठभर दिसू लागते. आणि पेशी त्वचेसारखे स्क्वेमस रूप घेऊ लागल्या की डेस्मोकॉलिन-३ आणि डेस्मोग्लिन-३ ही डेस्मोसोमची प्रथिने वाढतात. यांतले डेस्मोग्लिन-३ हे तेच प्रथिन आहे ज्याच्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार झाली की पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजारात तोंडात आणि त्वचेवर फोड येतात. म्हणजे त्वचेला अखंड ठेवणारी जोडणी इथे मूत्राशयाच्या गाठीने उसनी घेतलेली असते. अशा गाठीची स्लाइड पाहिली तर पेशींच्या मोठमोठ्या चादरी दिसतात, त्यांच्यामध्ये बारीक पूल दिसतात आणि त्या चादरी सलग सरकत स्नायूत शिरतात. इथे ई-कॅडहेरिनचा स्टेन थोडा फिका आला म्हणून ‘पेशींची पकड सुटली’ असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. पकड आहे, तिची सामग्री बदललेली आहे.

प्लाझ्मासायटॉइड उपप्रकाराकडे मी मुद्दाम सावकाश येते आहे, कारण आसंजन प्रथिन आणि रोगाचे वागणे यांचा इतका थेट संबंध मूत्राशयाच्या दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मी पाहिलेला नाही. हा प्रकार १९९१ च्या सुमारास प्रथम नीट वर्णन केला गेला. स्लाइडवर तो असा दिसतो: कमी भिंगातून पाहताना गाठ आहे असे वाटतच नाही. वरचे अस्तर कित्येकदा जवळजवळ साबूत असते आणि खालची संयोजी ऊती नुसती दाट, पेशींनी भरलेली वाटते, जुनाट सुजेसारखी. भिंग वाढवले की त्या पेशी सुट्यासुट्या आहेत हे लक्षात येते. गोलसर, एका कडेला सरकलेले केंद्रक, भरपूर गुलाबी पेशीद्रव्य, अगदी प्लाझ्मा पेशींसारख्या (प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी). मधूनच एखादीच्या आत पोकळी असते आणि तिने केंद्रक कडेला दाबलेले असते. त्या कुठेही ग्रंथी करत नाहीत, बेटे करत नाहीत. स्नायूच्या तंतूंमधून एकेकट्या किंवा एकामागोमाग एक अशा सरकत चरबीपर्यंत गेलेल्या असतात, आणि स्नायूचे तंतू मात्र जागच्या जागी तसेच उभे असतात.

यात सापळा असा आहे की प्लाझ्मा पेशी ओळखण्यासाठी वापरला जाणारा सीडी१३८ हा स्टेन या कर्करोगाच्या पेशींतही पॉझिटिव्ह येतो. सीडी१३८ म्हणजे सिंडेकन-१, तेही पेशीच्या पृष्ठभागावरचे आसंजनाशी निगडित प्रथिनच, आणि ते निरोगी अस्तरपेशींतही असते. छोट्या बायोप्सीत तेवढा एकच स्टेन करून थांबले तर मायलोमा किंवा प्लाझ्मासायटोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगांचे निदान होण्याचा धोका खरा आहे. म्हणून केराटिन, गाटा३ आणि प्लाझ्मा पेशींचे कॅपा-लॅम्डा हे स्टेन सोबत हवेतच. आणि त्यांच्या शेजारी ई-कॅडहेरिन ठेवले की चित्र स्पष्ट होते: वरच्या उरलेल्या निरोगी अस्तरात पेशींच्या कडा तपकिरी रेषेने आखल्यासारख्या दिसतात, आणि त्याच स्लाइडवर, मिलिमीटरभर खाली, केराटिन पॉझिटिव्ह असलेल्या शेकडो पेशींना एकही तपकिरी रेषा नसते. निरोगी अस्तर त्याच काचेवर असल्यामुळे स्टेन नीट झालेला आहे की नाही ही शंकाच उरत नाही.

याचे कारण २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राच्या गटाने दाखवले. प्लाझ्मासायटॉइड गाठींपैकी ८४ टक्के गाठींत सीडीएच१ या ई-कॅडहेरिनच्या जनुकातच प्रथिन अर्धवट तोडणारे बदल होते. बाकी जनुकीय पार्श्वभूमी नेहमीच्या युरोथेलियल कर्करोगासारखीच होती. प्रयोगशाळेत मूत्राशयाच्या कर्करोगपेशींतून हे जनुक खोडल्यावर त्या पेशी अधिक वेगाने सरकू लागल्या. जे स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात आणि जठराच्या डिफ्यूज कर्करोगात आधीपासून माहीत होते, तेच इथे सापडले. जठराच्या बाबतीत तर १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या कर्करोगाचे मूळ याच जनुकातील वंशागत बदलात सापडले होते. तीन वेगळे अवयव, वेगळी कारणे, परंतु जनुक तेच तुटले की पेशी त्याच रीतीने सुट्या होतात. लोब्युलर कर्करोगात पी१२० कॅटेनिन पेशीपटल सोडून पेशीद्रव्यात पसरलेले दिसते, कारण त्याला पटलाशी धरून ठेवणारी शेपटीच उरत नाही. ई-कॅडहेरिन गमावलेल्या प्लाझ्मासायटॉइड गाठींतही हीच खूण उपयोगी पडते.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे स्पष्टच लिहायला हवे. सुट्या पेशींचा गोळा होत नाही, त्यामुळे मूत्राशयात फुलकोबीसारखी गाठ दिसण्याऐवजी भिंत नुसती जाड आणि ताठ होऊ शकते. लघवीतून रक्त जाणे, हे जे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत परिचित लक्षण, ते उशिरा येऊ शकते. निदान होते तेव्हा रोग बहुधा पुढच्या टप्प्यात असतो. हा प्रकार मूत्रवाहिनीच्या कडेने, ओटीपोटातल्या ऊतींच्या पापुद्र्यांमधून आणि पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या पडद्यावर) पसरतो, जे नेहमीच्या युरोथेलियल कर्करोगाचे वळण नव्हे. शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताला आणि डोळ्याला जिथे ऊती निरोगी वाटते, तिथेही पेशी पोहोचलेल्या असू शकतात, आणि म्हणून कापलेल्या कडांवर रोग उरण्याचे प्रमाण या प्रकारात जास्त आहे. सर्जनला हे आधी कळले तर तो कडांची तपासणी वेगळ्या तयारीने करेल. बायोप्सीच्या अहवालात उपप्रकाराचे नाव ठळकपणे लिहावे, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणानेही याला उपप्रकाराचा स्पष्ट दर्जा दिलेला आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ८४ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. काही प्लाझ्मासायटॉइड गाठींत ई-कॅडहेरिन टिकून असते, आणि नेहमीच्या वरच्या दर्जाच्या गाठींतही ते कमी होते. तेव्हा हा स्टेन निदानाला बळ देतो. निदान करायचे असते ते आकारावरूनच.

आता त्याच ‘निगेटिव्ह’ शब्दाची दुसरी बाजू. सार्कोमॅटॉइड उपप्रकारात पेशी लांबट, तंतुमय होतात आणि गाठ संयोजी ऊतीच्या कर्करोगासारखी दिसू लागते. इथेही ई-कॅडहेरिन नसते. परंतु इथे सीडीएच१ जनुक बहुधा तुटलेले नसते, ते गप्प केलेले असते. झेब१, स्नेल यांसारखी नियंत्रक प्रथिने त्या जनुकाचे वाचन थांबवतात. काही गाठींत जनुकाच्या आरंभीच्या भागावर मिथाइल गट बसून ते बंद होते. एरवी मायक्रोआरएनए-२०० हे जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएंचे कुळ झेब१ ला दाबून ठेवते आणि झेब१ त्या कुळाला दाबून ठेवते, असा दोघांत तोल असतो. हा तोल एका बाजूला झुकला की पेशी अस्तराचा स्वभाव सोडते, ई-कॅडहेरिन घटते, व्हिमेंटिन (संयोजी ऊतीच्या पेशींतले तंतुप्रथिन) वाढते आणि काही गाठींत एन-कॅडहेरिन दिसू लागते, जे अस्तरपेशींचे नव्हे. मूत्राशयाच्या कर्करोगपेशींत मायक्रोआरएनए-२०० परत घातल्यास हा प्रवास उलटा फिरवता येतो, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातून २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सार्कोमॅटॉइड गाठी बहुतांशी बेसल वर्गातून उगवतात. म्हणजे जो वर्ग डेस्मोसोमची प्रथिने वाढवून घट्ट चादरी करतो, त्याच वर्गातून पूर्ण सुटलेल्या पेशीही निघू शकतात. याच्या जवळचा एक गट क्लॉडिन-लो या नावाने २०१६ मध्ये वर्णन केला गेला. त्यात क्लॉडिन-३, ४ आणि ७ खालच्या पातळीवर असतात, ई-कॅडहेरिनही कमी असते आणि गाठीत रोगप्रतिकारक पेशींची गर्दी असूनही त्या दाबल्या गेलेल्या असतात.

तेव्हा दोन्ही ठिकाणी स्लाइडवर तपकिरी रेषा नसते. प्लाझ्मासायटॉइडमध्ये जनुकच मोडलेले आहे, ते पुन्हा चालू होणार नाही. पण पेशी केराटिन, गाटा३ राखून अस्तरपेशीच राहिलेली आहे. सार्कोमॅटॉइडमध्ये जनुक शाबूत आहे, निदान तत्त्वतः ते पुन्हा बोलू शकते, परंतु पेशीने आपली अख्खी ओळख बदललेली आहे आणि गाटा३ सुद्धा कित्येकदा गेलेले असते. एकीत एक सुटा बिघाड आहे, दुसरीत सगळा कार्यक्रमच बदललेला आहे. हे दोन आजार ‘ई-कॅडहेरिन घटलेले’ या एका रकान्यात घातले तर त्या रकान्यातून निघणारा कुठलाही आकडा दोघांपैकी कोणालाच नीट लागू होणार नाही.

या विषयाने अलीकडच्या वर्षांत जे वळण घेतले, ते मात्र पकड सुटण्याशी संबंधित नाही. ते पकडीचे एक प्रथिन जास्त असण्याशी संबंधित आहे. नेक्टिन-४ हे आसंजन प्रथिन २००१ मध्ये मार्सेलच्या संशोधकांनी वर्णन केले. ते कॅडहेरिन कुळातले नाही, इम्युनोग्लोब्युलिन कुळातले आहे, त्याला कॅल्शियम लागत नाही आणि आतून ते अफाडिनमार्फत ॲक्टिनशी जोडले जाते. गर्भावस्थेत ते भरपूर असते, प्रौढ शरीरात मोजक्या ठिकाणी, त्यांत त्वचा एक. गोवराचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरात शिरण्यासाठी याच प्रथिनाचा आधार घेतो, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. मूत्राशयाच्या गाठींत ते मोठ्या प्रमाणावर असते असे लक्षात आल्यावर एनफोर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध तयार झाले: नेक्टिन-४ ओळखणारे प्रतिपिंड आणि त्याला बांधलेले एमएमएई हे पेशीविभाजन थांबवणारे विष. प्रतिपिंड पेशीवर बसते, पेशी त्याला आत ओढते, आत बांधणी तुटते आणि विष मोकळे होते.

अमेरिकेत या औषधाला डिसेंबर २०१९ मध्ये पहिली मान्यता मिळाली. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाबरोबर ते पहिल्याच उपचारात देऊन नेहमीच्या केमोथेरपीशी तुलना केली गेली, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ८८६ रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर गेले. पसरलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगात कित्येक दशके प्लॅटिनम केमोथेरपीच्या पुढे काही सरकत नव्हते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्यांचे वजन वेगळे सांगायला नको. औषधाचे त्रासही त्या प्रथिनाच्या वाटपातून समजतात. त्वचेत नेक्टिन-४ असल्यामुळे पुरळ येते, क्वचित ते जिवावर बेतण्याइतके गंभीर होते. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हे मात्र बांधलेल्या विषाचे काम.

उपप्रकाराचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. हे औषध देण्याआधी नेक्टिन-४ तपासण्याची अट नाही, कारण सुरुवातीच्या चाचण्यांत ते बहुतेक गाठींत भरपूर आढळले. परंतु ‘बहुतेक’ हा शब्द उपप्रकारांवर सारखा लागू होत नाही. २०२१ मधील एका अभ्यासाने दाखवले की नेक्टिन-४ ल्युमिनल गाठींत जास्त आणि बेसल गाठींत कमी असते; पेशींतून ते काढले तर औषध चालत नाही आणि बेसल पेशींत ते घातले तर औषध चालू लागते. सार्कोमॅटॉइड गाठींत ते बहुधा कमी असते आणि स्मॉल सेल (न्यूरोएंडोक्राइन वळणाच्या) गाठींत जवळजवळ नसतेच. उलट प्लाझ्मासायटॉइड गाठींत, ई-कॅडहेरिन पूर्ण गेलेले असतानाही, नेक्टिन-४ बऱ्याचदा टिकून असते. मला या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट कोणती वाटते असे विचारले तर मी हीच सांगेन: पकडीचे एक प्रथिन गमावल्यामुळे जो आजार इतका कठीण झाला, त्याच्या पेशींवर पकडीचेच दुसरे प्रथिन औषधासाठी उपलब्ध असू शकते. ‘आसंजन कमी’ असा सरसकट शेरा मारला असता तर हे दिसलेच नसते.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो थेट आमच्या टेबलाशी येतो. जर्मनीतील एका गटाने २०२३ मध्ये मूळ गाठ आणि त्याच रुग्णाची दूर पसरलेली गाठ शेजारी ठेवून पाहिल्या. पसरताना पेशीपटलावरचे नेक्टिन-४ अनेकदा घटते आणि ज्यांत ते घटलेले होते त्या रुग्णांत औषधाचा प्रतिसाद कमकुवत होता. त्याच गटाने पुढच्या वर्षी असेही दाखवले की ज्या गाठींत पहिल्या गुणसूत्रावरच्या नेक्टिन-४ च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या औषधाला विशेष चांगला प्रतिसाद देतात. म्हणून ऑन्कॉलॉजिस्ट जेव्हा तीन-चार वर्षांपूर्वीच्या मूत्राशयाच्या ब्लॉकवर नेक्टिन-४ करून मागतात, तेव्हा मी स्टेन करते, परंतु यकृतातल्या किंवा लसिकाग्रंथीतल्या नव्या गाठीची बायोप्सी शक्य असेल तर तीच पाठवावी, असे कळवते. जुना ब्लॉक जुन्या गाठीबद्दल सांगतो.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे. या सर्व प्रथिनांत रंग किती आला याइतकेच तो कुठे आला हे महत्त्वाचे आहे. पेशीद्रव्यात पसरलेला रंग आणि पेशीपटलावरची रेषा एकाच बेरजेत घालू नये. नेक्टिन-४ साठी ० ते ३०० चा एच-स्कोअर देतात, म्हणजे रंगाची तीव्रता गुणिले पेशींची टक्केवारी. त्यातही पटलावरचा रंग वेगळा नोंदवावा. दुर्बिणीतून विजेच्या तारेने खरवडलेल्या तुकड्यांच्या कडा भाजलेल्या असतात आणि तिथे ई-कॅडहेरिन खोटे कमी किंवा खोटे पसरलेले दिसते, म्हणून भाजलेली कड मी मोजत नाही. फॉर्मलिनमध्ये तुकडा वेळेत न पडणे हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे. लांबून येणाऱ्या नमुन्यांत तो विशेष जाणवतो, आणि त्याचा फटका पटलावरच्या प्रथिनांना लवकर बसतो. शिवाय स्टेनमध्ये वापरलेले प्रतिपिंड रेणूच्या कोणत्या भागाला धरते हेही पाहावे लागते. सीडीएच१ मधल्या बदलाने प्रथिन मध्येच तुटले असेल तर बाहेरच्या खंडाला धरणारे प्रतिपिंड कधीकधी उरलेला तुकडा दाखवते, आणि आतल्या शेपटीला धरणारे प्रतिपिंड त्याच पेशीत काहीच दाखवत नाही.

त्यामुळे अहवालात मी आता ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ एवढीच ओळ लिहीत नाही. आधी उपप्रकार आणि गाठीतले त्याचे प्रमाण, मग गाटा३ व केराटिन ५/६ वरून ल्युमिनल की बेसल, मग ई-कॅडहेरिन पटलावर आहे की नाही, त्याच स्लाइडवरच्या निरोगी अस्तरात ते नीट आले आहे की नाही, आणि प्रतिपिंडाचा क्लोन (नेमका प्रकार) कोणता, या क्रमाने लिहिते. नमुन्यात निरोगी अस्तराचा एकही तुकडा नसेल तर तेही लिहिते, आणि युरॉलॉजिस्टना फोन करून पुढच्या वेळी थोडी निरोगी दिसणारी कडही सोबत पाठवायला सांगते.